पाच बेल्टपैकी ठरावीक दोनच बेल्ट का तुटतात? बहु-बेल्ट ड्राइव्हची जुळवणी आणि देखभाल

शिरोली_मेंटेनन्स

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी देखभाल विभागाचे काम पाहतो. साचे फोडण्याच्या जागेवरची वाळू आणि धूळ ओढून घेणारा एक पंखा आमच्याकडे आहे. त्याची मोटर ३७ किलोवॅटची, म्हणजे ५० अश्वशक्तीची, आणि मिनिटाला सुमारे १४७५ फेऱ्यांची आहे. मोटरवर २०० मिमी आणि पंख्यावर २५० मिमी व्यासाची पुली असून दोन्ही पुल्या टेपर लॉक बुशवर, म्हणजे पुलीला शाफ्टवर आवळून धरणाऱ्या उतरत्या अंगाच्या कडीवर, बसवलेल्या आहेत. दोन शाफ्टच्या केंद्रांमधील अंतर ९०० मिमी असून ड्राइव्हवर, म्हणजे मोटरची गती पंख्याला देणाऱ्या या जोडणीवर, एसपीबी जातीचे पाच व्ही-बेल्ट आहेत.

अडचण अशी की मोटरच्या बाजूने मोजल्यास दुसरा आणि तिसरा बेल्ट इतरांच्या फार आधी जातो. कधी तो खाचेत उलटतो, कधी त्याच्या कडा जळाल्यासारख्या काळ्या पडून चकाकू लागतात, तर कधी तो सरळ तुटतो. येथील रीत अशी आहे की जो बेल्ट गेला तेवढाच बदलायचा. आता विक्रेता महागडा दातेरी बेल्ट सुचवतो आहे, आमचे फिटर मोटर आणखी मागे ओढून ताण वाढवावा असे म्हणतात, आणि व्यवस्थापनाचा प्रश्न असा की मुळात पाच बेल्ट पुरेसे आहेत का. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पेठकर

उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी कळायला हव्यात. पुली कधीपासूनची आहे आणि तिच्या खाचा गेज, म्हणजे खाचेच्या आकाराचे माप, लावून कोणी तपासल्या आहेत का? चालू भारावर मोटरचे आणि पंख्याचे फेरे टॅकोमीटरने प्रत्यक्ष मोजले आहेत का? आणि सध्या चढवलेले पाचही बेल्ट एकाच कंपनीचे आहेत का?

शिरोली_मेंटेनन्स

पुल्या पंखा बसवला तेव्हाच्याच आहेत. बेल्ट दोन कंपन्यांचे आहेत. आज बंदच्या वेळेत मोजमाप घेतले. मोटरच्या पुलीच्या पहिल्या खाचेत नव्या बेल्टचा तुकडा बसवून कडेपासूनची खोली घेतली आणि तोच तुकडा तिसऱ्या खाचेत बसवला, तेव्हा तो जवळजवळ १ मिमी खाली गेला. दुसऱ्या खाचेतही तेवढाच फरक आहे. मात्र खाचांचा तळ कोठेही चकाकलेला नाही, त्यामुळे फिटरांच्या मते पुली अजून चांगली आहे. दुपारी भारावर फेरे मोजले, ते मोटरचे १४७२ आणि पंख्याचे ११४६ आले.

निवृत्त_फिटर_सांगली

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मोजमापात आहे. बेल्टची जात आणि संख्या तूर्त बाजूला ठेवू.

व्ही-बेल्ट खाचेच्या तळावर चालत नाही, तो दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखा रुतून चालतो. त्यामुळे झीज भिंतींची होते. २०० मिमी पुलीवर एसपीबीच्या खाचेचा कोन ३८ अंश असतो. या कोनाच्या खाचेत प्रत्येक भिंत केवळ ०.३५ मिमी झिजली तरी बेल्ट १ मिमी खाली उतरतो. ही झीज डोळ्यांना दिसत नाही, आणि बोटाला लागलीच तर भिंत किंचित खोलगट झाल्यासारखी लागते. तळ चकाकेपर्यंत थांबण्याची सवय मात्र सर्वत्र आढळते आणि ती घातक आहे. प्रमाणित एसपीबी खाचेत बेल्टचा तळ आणि खाचेचा तळ यांच्यात सुमारे ४ मिमी मोकळी जागा असते. तळ चकाकला याचा अर्थ बेल्ट ती सगळी जागा उतरून खाली टेकला, म्हणजे पाचर म्हणून त्याचे काम केव्हाच संपले आहे. पुलीबरोबर मिळणारे पत्र्याचे गेज खाचेत धरून मागून विजेरीचा प्रकाश टाकावा आणि भिंत व गेज यांच्यात ०.८ मिमीच्या आसपास फट दिसू लागली की पुली बदलावी, असा सर्वसाधारण नियम आहे. बहु-बेल्ट ड्राइव्हमध्ये तर मी त्याहूनही आधी बदलण्याच्या मताचा आहे, कारण येथे एका खाचेच्या झिजेपेक्षा खाचा-खाचांमधील तफावत अधिक नुकसान करते.

ही तफावत आकड्यांत पाहू. २०० मिमी पुली १४७५ फेऱ्यांनी फिरते तेव्हा बेल्टचा वेग सेकंदाला साधारण १५.४ मीटर असतो. ज्या खाचेत बेल्ट १ मिमी खाली बसला, तिचा कामाचा व्यास २ मिमीने, म्हणजे एक टक्क्याने कमी झाला. पाचही बेल्ट एकाच मोटर पुलीवरून निघून एकाच पंखा पुलीवर जातात, त्यामुळे त्यांना वेगवेगळ्या वेगाने चालण्याची मुभा नसते. हा एक टक्का, म्हणजे मिनिटाला सुमारे ९ मीटर, बेल्टला खाचेत घासूनच भरून काढावा लागतो. घासण्याने उष्णता निर्माण होते, उष्णतेने रबर कडक होऊन चकाकते, आणि चकाकलेला बेल्ट अधिक घसरतो. बेल्टचे अंतर्गत तापमान दहा अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या क्षेत्रातील ढोबळ ठोकताळा आहे.

त्यात एकेक बेल्ट बदलण्याची भर पडली आहे. वापरलेला बेल्ट थोडा लांबलेला असतो आणि नवा त्यामानाने आखूड असतो. दोन नवे बेल्ट तीन जुन्यांबरोबर चढवले की ताण प्रथम नव्यांवर येतो. आपल्या पुलीवर आणि वेगावर एसपीबीचा एक बेल्ट साधारण १० किलोवॅट वाहू शकतो, तेव्हा पाच बेल्ट ३७ किलोवॅटला उत्तम पुरतात. परंतु भार मुख्यतः दोघांवरच आला तर प्रत्येकाच्या वाट्याला १८ किलोवॅट येतात. अशा भाराने त्याच दोन खाचांच्या भिंती अधिक घासतात, बेल्ट खाली उतरतो, सैल पडतो, जातो, आणि पुन्हा त्याच खाचेत नवा बेल्ट येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खाचेचे कोडे हेच असावे. दातेरी बेल्ट चांगला असतो, परंतु झिजलेल्या खाचेत तोही फार दिवस टिकणार नाही.

गणिती_मेकॅनिक

वरील प्रतिसाद पटला, पण त्यात दोन दुरुस्त्या सुचवतो.

पहिली अशी की एक टक्क्याचा हिशेब केवळ मोटरची पुली झिजली आहे असे धरून केलेला आहे. पंख्याच्या पुलीची तिसरी खाचही तेवढीच झिजली असेल तर त्या बेल्टचे गुणोत्तर १९८ भागिले २४८, म्हणजे ०.७९८ होते आणि मूळ ०.८ शी त्याचा फरक फक्त पाव टक्क्याच्या आत राहतो. म्हणून शिरोलीकरांनी पंख्याची पुलीही मोजावी. लहान पुलीवर बेल्ट अधिक वाकतो आणि तिचे फेरेही जास्त असतात, त्यामुळे प्रत्यक्षात ती आधी झिजते आणि तफावत राहतेच.

दुसरी दुरुस्ती फेऱ्यांविषयी आहे. १४७२ ला ०.८ ने गुणल्यास ११७८ यायला हवेत, आणि आले आहेत ११४६. घट २.७ टक्के झाली. ही सगळी घसरण नाही. काही भाग झिजेमुळे गुणोत्तरच बदलल्याचा आहे आणि निरोगी ड्राइव्हमध्येही एक टक्क्यापर्यंत सरकणे चालते. तरीही उरलेला टक्का-दीड टक्का ही खरी घसरण धरली, तर मोटर पूर्ण भाराजवळ चालत असताना अर्धा किलोवॅटच्या आसपास ऊर्जा चोवीस तास खाचांमध्ये उष्णता होऊन जाते. चांगला जुळवलेला व्ही-बेल्ट ड्राइव्ह ९५ ते ९८ टक्के कार्यक्षमतेने चालतो, आणि वेळोवेळी ताण न तपासल्यास त्यात पाच टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. व्यवस्थापनाला पुलीचा खर्च पटवून देताना वीजबिलाचा हा मुद्दा पुढे करावा, असे मी सुचवेन.

शिरोली_मेंटेनन्स

पंख्याची पुली मोजली. तिच्या खाचांमधील फरक मोटरच्या पुलीच्या निम्माही नाही. दोन्ही पुल्या आणि पाच बेल्टचा एकाच कंपनीचा संच मागवण्यास मंजुरी मिळाली आहे. एका स्थानिक लेथवाल्याकडून पुली कमी दरात करून मिळते, ती चालेल का? आणि जुळवणीचा योग्य क्रम कोणी सविस्तर लिहील का?

पेठकर

लेथवरची पुली चालते, फक्त ती करणाऱ्याला खाचेचा कोन कळला पाहिजे. बेल्टचा स्वतःचा कोन ४० अंश असतो, म्हणून अनेक जण खाचही ४० अंशांची कापतात. परंतु बेल्ट पुलीवर वाकला की त्याची आतली बाजू फुगते आणि बाहेरची आक्रसते, त्यामुळे कोन कमी होतो. म्हणूनच एसपीबीसाठी १९० मिमी व्यासापर्यंत ३४ अंश आणि त्यापुढे ३८ अंश ठरवलेले आहेत. दोन खाचांमधील मध्यांतर १९ मिमी असावे लागते आणि ते सर्व खाचांना सारखे असावे लागते. पुली हातात आल्यावर या दोन गोष्टी मोजल्याखेरीज ती स्वीकारू नये. भिंती गुळगुळीत हव्यात. हत्याराच्या रेषा राहिलेली खाच कानशीसारखी बेल्ट खाते.

निवृत्त_फिटर_सांगली

जुळवणीविषयी लिहितो, थोडे लांबेल.

काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. पंख्याच्या बाबतीत हे पुरेसे नसते. दुसरा पंखा त्याच धूरवाहिनीला जोडलेला असेल तर हवेच्या ओढीने बंद पंखाही फिरत राहतो, म्हणून डँपर, म्हणजे वाहिनीतील झडप, बंद करून पाती अडवून ठेवावीत. नंतर मोटरचे बोल्ट सैल करून मोटर पुढे सरकवावी आणि बेल्ट सैल झाल्यावर हाताने काढावेत. पहार किंवा टॉमी घालून बेल्ट कडेवरून उचकटून काढणे अगर चढवणे हे पूर्णपणे वर्ज्य मानावे. त्या झटक्यात बेल्टच्या आतील ताणदोऱ्यांपैकी एका बाजूच्या काही तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि नंतर तोच बेल्ट खाचेत उलटू लागतो. आपले उलटणारे बेल्ट कसे चढवले होते, याची चौकशी एकदा अवश्य करावी.

टेपर लॉक बुशचे काम घाईने करू नये. आपल्या पुलीत बहुधा ३०२० क्रमांकाचा बुश असेल. त्याचा अर्थ जास्तीत जास्त भोक ३ इंच आणि लांबी २ इंच. बुशची बाहेरची उतरती बाजू, पुलीचे भोक आणि शाफ्ट ही सर्व अंगे तेल व रंग काढून कोरडी करावीत, कारण पकड या अंगांच्या घर्षणावर अवलंबून असते. अर्धा आटा हबमध्ये, म्हणजे पुलीच्या मधल्या भागात, असलेल्या भोकांत स्क्रू घालून ते आळीपाळीने आवळावेत, मध्ये लाकडाचा किंवा पितळेचा ठोकळा ठेवून बुशवर हलके ठोके द्यावेत आणि पुन्हा आवळावेत. ३०२० साठी साधारण ९० न्यूटन-मीटर टॉर्क सांगितलेला असतो. तो बळ मोजणाऱ्या टॉर्क-पान्यानेच द्यावा, लांब पाइप लावून अंदाजाने देऊ नये, कारण त्यामुळे हब तडकलेले मी पाहिले आहेत. रिकाम्या राहिलेल्या भोकांत ग्रीस भरून ठेवल्यास आपल्याकडच्या वाळूने ती बुजत नाहीत आणि पुढच्या वेळी बुश काढताना शिव्या द्याव्या लागत नाहीत. पुली शाफ्टवर बेअरिंगच्या शक्य तितकी जवळ असावी.

रेषाजुळणीसाठी प्रथम दोन्ही शाफ्ट पाणसळीने तपासावेत आणि मोटरचे चारही पाय पायावर सारखे टेकतात का ते फिलर गेजने, म्हणजे फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांनी, पाहावे. एक पाय अधांतरी राहिला तर बोल्ट आवळताना मोटर वळते आणि आधी केलेली जुळणी वाया जाते. नंतर दोन्ही पुल्यांच्या तोंडांवर सरळ पट्टी धरावी किंवा दोरी ताणावी, आणि ती प्रत्येक पुलीच्या दोन कडांना, म्हणजे एकूण चार ठिकाणी, एकाच वेळी टेकली पाहिजे. पुल्या वेगवेगळ्या कारखान्यांतल्या असतील तर कडेपासून पहिल्या खाचेपर्यंतचे अंतर दोघींचे सारखेच असेल असे गृहीत धरू नये. फरक निघाल्यास तो दोरीच्या मोजमापात वजा करावा. पुल्या अर्ध्या फेऱ्याने फिरवून मोजमाप पुन्हा घ्यावे, म्हणजे पुलीच डुलत असेल तर तेही कळते. व्ही-बेल्टला अर्ध्या अंशापर्यंतचा तिरकसपणा चालतो असे सांगतात. आपल्या ९०० मिमी अंतरावर त्याचे ८ मिमी होतात. इतकी सूट घेऊ नये. काळजी घेतली तर साध्या दोरीनेही २ मिमीच्या आत येता येते. लेझरचे उपकरण असेल तर उत्तमच.

ताण देताना डोळ्यांवर आणि अंगठ्यावर विसंबू नये. दोन पुल्यांमधील मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर बेल्टला काटकोनात दाबायचे आणि दर मीटर लांबीला १६ मिमी इतका तो दबण्यासाठी किती बळ लागते ते पाहायचे. आपली मोकळी लांबी जवळजवळ ९०० मिमीच आहे, म्हणून दाब १४ मिमीहून किंचित जास्त द्यावा. शेजारच्या बेल्टवर पट्टी ठेवून तेथून मोजले की झाले. या आकाराच्या लहान पुलीवर एसपीबीला ४५ ते ६५ न्यूटन, म्हणजे स्प्रिंग काट्यावर साधारण साडेचार ते साडेसहा किलो, बळ लागायला हवे. नव्या बेल्टला वरच्या मर्यादेच्या सव्वापट, म्हणजे सुमारे ८० न्यूटनपर्यंत द्यावे, कारण पहिल्या काही तासांत तो खाचेत बसतो आणि ताण उतरतो. पाचही बेल्टवर स्वतंत्र मोजमाप घ्यावे. बेल्ट बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता वेगळे आकडे देत असेल तर तोच प्रमाण मानावा. ताण दिल्यावर पुली हाताने काही फेरे फिरवून पुन्हा मोजावे, नाही तर वरच्या पट्ट्यात एक आणि खालच्या पट्ट्यात एक असा ताण राहून जातो.

कराडचा_वाचक

मोबाइलवर बेल्टची कंपनसंख्या मोजणारी ॲप आहेत. त्यांचा उपयोग होत नाही का? आमच्याकडे तर बेल्ट घसरून ओरडू लागला की राळेची पूड टाकतात आणि काम भागते.

गणिती_मेकॅनिक

तत्त्व अचूक आहे. ताण म्हणजे चार गुणिले दर मीटरचे वजन, गुणिले लांबीचा वर्ग, गुणिले कंपनसंख्येचा वर्ग. एसपीबीचे वजन मीटरला साधारण ०.१९ किलो धरले आणि ताण ६०० न्यूटन असला, तर ९०० मिमी लांबीच्या बेल्टची कंपनसंख्या सेकंदाला ३१ च्या आसपास येते. इतका खालचा आवाज मोबाइलचा मायक्रोफोन नीट पकडत नाही, त्यातून शेजारी भट्टी आणि कॉम्प्रेसर चालू असतात. या कामासाठी बनवलेले उपकरण मात्र भरवशाचे असते.

राळेविषयी माझे मत कठोर आहे. राळ किंवा फवाऱ्याचे बेल्ट ड्रेसिंग काही तास आवाज बंद करते, पण त्याच चिकटपणावर वाळू येऊन बसते आणि खाचेच्या भिंती घासल्या जातात. फाउंड्रीत तर ते मुद्दाम झीज विकत घेण्यासारखे आहे. बेल्ट ओरडतो तो सैल आहे म्हणून, किंवा खाच झिजली आहे म्हणून. दोन्ही मोजता येतात.

आणि अतिताणाविषयीही एक आकडा देतो. एका पट्ट्यात ६०० न्यूटन धरले तर पाच बेल्टचे दहा पट्टे मिळून मोटरच्या शाफ्टवर सुमारे ६००० न्यूटन, म्हणजे ६०० किलोंचा ओढ असतो. फिटरांच्या समाधानासाठी तो दीडपट केला की पुढचे बेअरिंग आधी गरम होते आणि मग दोष बेअरिंगला दिला जातो.

शिरोली_मेंटेनन्स

गेल्या आठवड्यात दोन्ही पुल्या आणि पाचही बेल्ट बदलले. मोटरचा एक पाय खरोखरच अधांतरी होता, त्याखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घातली. पाचही बेल्टना ७८ ते ८० न्यूटन मिळाले. चोवीस तासांनी यंत्र थांबवून मोजले तेव्हा ते ६० च्या आसपास उतरले होते, आणि पाचांमधला फरक काट्यावर जेमतेम जाणवत होता. ते तसेच ठेवले. भारावर मोटर १४७१ आणि पंखा ११६९. साचे फोडण्याच्या जागेवरील ओढ वाढल्याचे कामगार सांगतात. बुशचे स्क्रूही तेव्हाच पुन्हा तपासले, एक किंचित फिरला.

पुढे किती दिवसांनी ताण पाहावा? आणि निघालेल्या जुन्या बेल्टमधले तीन बरे दिसतात, ते अडीनडीला ठेवावेत का?

निवृत्त_फिटर_सांगली

६० न्यूटन योग्य आहे. पहिला महिना आठवड्याला एकदा पाहावे, मग महिन्याला एकदा पुरते, पण प्रत्येक वेळी आकडा वहीत लिहावा, कारण एका आकड्यापेक्षा घसरणीचा कल अधिक सांगतो. त्याच वेळी पात्यांवर धूळ साचली आहे का तेही पाहावे. पंखा असमतोल झाला की बेल्ट फडफडतात आणि सगळे खापर ताणावर फुटते.

जुने तीन बेल्ट ठेवू नयेत. ते भांडारात राहिले की रात्रपाळीला कोणी तरी ते नव्या संचात घालणारच. त्याऐवजी पाचांचा एक पूर्ण संच एकत्र बांधून, वर पंख्याचे नाव लिहून ठेवावा. जुन्या पद्धतीच्या बेल्टवर ५० च्या मागचे-पुढचे लांबीचे सांकेतिक क्रमांक छापलेले असत आणि संच जुळवताना ते पाहावे लागत. आता बहुतेक कंपन्या बारीक तफावतीत बेल्ट बनवून ते कोणत्याही जोडीत चालतील असे लिहून देतात. तरी कंपनी एकच असावी.

खडीवाला_पाटण

विषयाला धरूनच विचारतो. आमच्या जॉ क्रशरवर, म्हणजे दगड फोडण्याच्या यंत्रावर, सुटे बेल्ट दगड अडकला की उसळून खाचेबाहेर येतात. वरून पट्टीने जोडलेले एकसंध बेल्ट घ्यावेत का?

पेठकर

धक्क्याच्या भारासाठी ते योग्य ठरतात, कारण जोडलेले बेल्ट एकट्याने उसळू किंवा उलटू शकत नाहीत. पण दोन अटी आहेत. पुली झिजलेली असेल तर बेल्ट खाली बसतात, जोडपट्टी खाचांमधल्या कडांवर घासते आणि कापली जाऊन बेल्ट सुटे होतात. दुसरे असे की खडीची कच पट्टी आणि कड यांच्यामध्ये अडकते, म्हणून वरच्या बाजूने बंद गार्ड लागेल. बेल्ट बदलण्यापूर्वी गेज आपणही लावून पाहावे. दगड वारंवार अडकत असेल तर खडी भरण्याचा वेगही एकदा तपासावा.

शिरोली_मेंटेनन्स

गार्डचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमचा गार्ड पूर्ण पत्र्याचा आहे आणि आत बरीच उष्णता साठते. तो काढून ठेवण्याचा सल्ला मिळाला आहे.

गणिती_मेकॅनिक

काढू नये. फिरत्या भागांना भक्कम कुंपण असलेच पाहिजे हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्येच स्पष्ट केलेले होते, आणि सेकंदाला १५ मीटरने धावणाऱ्या बेल्टसमोर कायद्याची आठवण करून देण्याचीही गरज पडू नये. पत्र्याऐवजी बारीक जाळीचा गार्ड करावा, म्हणजे हवा खेळती राहील आणि बोट आत जाणार नाही. वाळूचा मारा ज्या बाजूने येतो तेवढी एकच बाजू पत्र्याने बंद ठेवावी. दोन्ही शाफ्टच्या टोकांसमोर झाकण असलेले लहान भोक ठेवल्यास गार्ड न काढता टॅकोमीटर लावता येतो. मग फेरे दर आठवड्याला मोजून होतात.